वालाच्या मागे दोन हिवाळे

जानेवारीतली सकाळ, साडेसात वाजलेले, आभाळात ढगाचा ठिपका नाही, आणि काका वालाच्या शेतात उकिडवे बसून काळी छत्री आडवी धरून होते. बांधावरून जाणाऱ्या दोघांनी विचारलंच, "काय ओ, पाऊस येनार हाय का काय?" काका शांतपणे म्हणाले, "शेंगेला दृष्ट लागू नये म्हणून धरलीय." छत्रीच्या पुढ्यात पालथी पडून, कोपरं दंवात भिजवत, एकाच शेंगेकडे कॅमेऱ्यातून टक लावून बसलेली ती मी.

मूळ बेत याहून मोठा होता. पुण्यात माझं काम मुद्रितशोधनाचं, नाद फोटोंचा. २०२२च्या पावसाळ्यात डोक्यात आलं, की शेंगांच्या कुळातल्या सगळ्यांचे फोटो काढायचे, बियाण्यापासून ताटापर्यंत. यादी करायला बसले तर ती वाढतच गेली. घेवडा, चवळी, गवार, पावटा, डबल बी, तलवारीएवढ्या शेंगांची अबई, कोरेगावचा वाघ्या घेवडा, दाण्यावरच्या पट्ट्यांमुळे हे नाव मिळालेला. शिवाय एकाच झाडाची किती सोंगं! श्रावणघेवडा आणि राजमा ही मुळात एकाच जातीची वनस्पती. शेंग कोवळी खुडली तर भाजी, दाणा वेलीवर वाळू दिला तर कडधान्य. यादी घेऊन आत्याकडे गेले. तिचं गाव रोह्याजवळ. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "आधी एका वालाचे नीट काढ. त्यातच वर्ष जाईल तुझं."

दोन गेली.

रायगडात भाताची कापणी झाली, की त्याच खाचरात वाल पेरतात. पाटाचं पाणी नाही, मोटार नाही. भाताने जमिनीत मागे ठेवलेली ओल आणि वरून थंडी, एवढ्यावर हे पीक उभं राहतं. नोव्हेंबरात पेरलेला वाल जानेवारीत फुलतो, त्याच महिन्यात हिरव्या शेंगा धरतात, मार्चमध्ये वाळलेली झाडं खळ्यावर. मी पहिल्यांदा गेले ती जानेवारीच्या मध्यावर, म्हणजे पेरणी, उगवण आणि पहिली पानं हुकवूनच. पुस्तकाचं पहिलं प्रकरण फाटलेलं असावं तसं. ते दुसऱ्या वर्षी भरून काढलं.

पहिल्या पहाटे शेतात पोचले तर सगळी पानं माना टाकून लोंबत होती. तीन-तीन पानांचे पंजे, सगळे जमिनीकडे. मला वाटलं, गेलं पीक. "काका, पाणी कमी पडलं का यांना?" काका हसले. "झोपलीत अजून. उजाडू दे जरा, उठतील." आणि खरंच, ऊन अंगावर आलं तशी पानं हळूहळू आडवी झाली. पानाच्या बुडाशी एक बारीक फुगीर सांधा असतो; त्यातल्या पेशींत पाणी भरतं आणि ओसरतं, त्यावर पान उघडमीट करतं. मी हे कधीतरी वाचलं होतं, पण वाचलेलं शेतात वेळेवर कुठे आठवतं! तिपाईवर फोन लावून झोपेतून उठणाऱ्या पानांचं चित्रण केलं. या सगळ्या उद्योगात विनासायास मिळालेली ही एकच गोष्ट.

बाकी फोटो संध्याकाळी लॅपटॉपवर बघितले आणि जीव थोडा झाला. एकशे चाळीस फोटो आणि सगळ्यांत हिरव्यावर हिरवं. शेंग पानाच्याच रंगाची, देठ शेंगेच्या रंगाचा, मागे पुन्हा पानंच. डोळ्यांना शेतात शेंग लगेच सापडते, कारण आपण मान हलवतो, वाकतो, शेंगेची चपटी वळणदार कड ओळखतो. फोटोत ते सगळं एका पातळीवर येऊन बसतं. दाखवलेल्या पहिल्याच माणसाने (तो माझा भाऊ) विचारलं, "यात बघायचं काय आहे?"

म्हणून छत्री. शेंगेच्या मागे काळं काहीतरी हवं, आणि ऊन मागून तिरकं यायला हवं, म्हणजे शेंगेची लव आणि कडा उजळून निघतात. गोम अशी, की छत्री सरळ मागे धरली तर तीच ऊन अडवते. सूर्य तिच्या काठावरून डोकावेल पण भिंगात येणार नाही, अशी एकच जागा असते, आणि सूर्य वर चढतो तशी ती दर पाच मिनिटांनी सरकते. काकांचे गुडघे या जागेच्या शोधात कामी आले. त्यात कॅमेरा काळं बघितलं की बिथरतो. त्याला वाटतं अंधार आहे, आणि तो सगळंच उजळ करून शेंग पांढरी फटक पाडतो. एक्स्पोजर एका थांब्याने कमी केलं, म्हणजे उजेड निम्म्यावर आणला, तेव्हा जमलं. त्या फोटोत शेंगेचं साल कागदासारखं पारदर्शक दिसतं आणि आत चार दाण्यांच्या सावल्या ओळीने बसलेल्या. काकांनी कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघितलं आणि म्हणाले, "चौथा पोकळ आहे." पन्नास वर्षं शेंगा हातात घेऊन दाबत आलेल्या माणसाला माझ्या फोटोची गरज होती असं नाही.

फुलांनी फार छळलं. कडव्या वालाचं पांढरं फूल लांबून साधंच दिसतं. जवळून बघितलं तर आतली होडीसारखी पाकळी जवळजवळ काटकोनात वर वळलेली असते. ते दाखवायचं तर भिंग फुलापासून वीतभर अंतरावर न्यावं लागतं, आणि तेवढ्या जवळ गेलं की श्वासानेसुद्धा फूल हलतं. वारा आठनंतर सुटतो. म्हणजे उजेड पुरेसा होणं आणि वारा सुटणं यांच्यात जेमतेम पाऊण तास. कपडे वाळत घालायचा चिमटा एका काठीला बांधून, त्यात दांडा हलकेच धरून मी तीन सकाळी घालवल्या. एका फुलावर काळा मावा होता आणि मुंग्या त्याची राखण करत होत्या. ते फूल मात्र मस्त आलं. रोगट म्हणून मी आधी बाजूला सारलेलं.

त्या वर्षीचा माझा सगळ्यात आवडता फोटो जमिनीखालचा आहे. काकांनी एक झाड मुळासकट उपटून दिलं. मुळांवर मोहरीएवढ्या, काही मिरीएवढ्या गाठी. हवेतला नत्र पकडणारे जिवाणू त्यांत राहतात, हे शाळेत पाठ केलं होतं. पण गाठ ब्लेडने कापली तर आत गुलाबी! कच्च्या मांसासारखी गुलाबी. आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनशी नातं सांगणारं एक द्रव्य तिथे असतं. गुलाबी गाठ म्हणजे आत काम चालू आहे. कापल्यावर रंग फार टिकत नाही, तपकिरी पडत जातो. मी ओट्यावरच खिडकीच्या उजेडात पाटावर मूळ ठेवून एकामागून एक अकरा गाठी कापल्या. आत्या मागून म्हणाली, "विळी आंघोळ घालून ठेव हो नंतर." विळी नव्हे ब्लेड, पण असो.

आता पोपटीबद्दल. रायगडातल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही, इतरांसाठी थोडक्यात. मडक्याच्या तळाशी आणि कडेने भांबुर्डीचा पाला, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. हवे तर बटाटे, अंडी, मसाला लावलेली कोंबडी. वरून पुन्हा पाला ठासून तोंड बंद. पाण्याचा थेंब नाही. मडकं शेतात उलटं ठेवून भोवती गवत-काटक्यांचा जाळ. मडक्यावर पाणी शिंपडलं आणि चर्र झालं की झाली पोपटी.

फोटोच्या दृष्टीने ही रात्र म्हणजे सोनं, असं मला वाटत होतं. जाळ, चेहरे, वाफ. प्रत्यक्षात पहिल्या वर्षी माझी पुरती फजिती झाली. जाळाकडे बघून उजेड ठरवला तर माणसं काळीठिक्कर. माणसांकडे बघून ठरवला तर जाळाच्या जागी पांढरं भोक. मडकं फोडायची वेळ आली (फोडत नाहीत खरं तर, पाला ओढून केळीच्या पानावर ओततात, पण म्हणायचं तसं) आणि मी घाबरून फ्लॅश लावला. वाफेवर फ्लॅश पडल्यावर काय होतं? धुकं. एक पांढरा पडदा, त्यामागे कुणाचे तरी पाय. मी सेटिंग बदलत बसले तोवर शेंगा संपत आल्या होत्या. आतेभावाने माझ्या वाटणीची मूठभर ठेवली होती, ती थंड. रात्री खोलीवर बघितलं तर जे चार फोटो बरे वाटले होते तेही अंधारलेले निघाले. काळोखात कॅमेऱ्याचा पडदा डोळ्यांना लखलखीत दिसतो आणि आपण फसतो. तेव्हापासून मी रात्री पडद्यावरच्या चित्रावर विश्वास ठेवत नाही, शेजारचा उजेड-अंधाराचा आलेख बघते.

यासाठी वर्षभर थांबावं लागलं. हे वाक्य लिहायला सोपं आहे. फसलेली उसळ दुसऱ्या दिवशी पुन्हा करता येते. पोपटी हिरवी शेंग असेपर्यंतच, आणि त्या वर्षी मला पुन्हा सुट्टी मिळेपर्यंत शेंगा जून झाल्या होत्या.

दुसऱ्या वर्षी, २०२४च्या जानेवारीअखेर, सगळं आधी ठरवून गेले. कॅमेऱ्याची संवेदनशीलता म्हणजे आयएसओ ३२००, भिंगाचं छिद्र २, शटर सेकंदाचा एकशेपंचविसांश, आणि यातलं काहीही बदलायचं नाही अशी स्वतःलाच ताकीद. आतेभावाच्या मुलाच्या हाती विजेरी दिली आणि त्याला मडक्याच्या मागे, माणसांच्या आड बसवला: "मडकं उचललं की वाफेवर मागून मार, माझ्याकडे नाही." त्याने पहिल्यांदा बरोबर माझ्या डोळ्यांत मारली. पण दुसऱ्या मडक्याला जमलं. वाफ मागून उजळली की तिचे पदर दिसतात. पुढून उजळली की नुसता धूर. फोटोत शेंगांचा रंग मेंदीसारखा, मातकट हिरवा आहे. उष्णतेने शेंगेतलं हरितद्रव्य बदलतं आणि तो पोपटी रंग जातो. म्हणजे पोपटी पोपटी नसते. मी हे तिथे मोठ्याने म्हणाले, कुणी हसलं नाही. सगळ्यांची तोंडं भरलेली होती.

खळ्यावर मी एक मूर्खपणा केला, तो लपवण्यात अर्थ नाही. मार्चमधली दुपार, वाळलेली झाडं काठीने झोडपणं चाललंय, हवेत भुसा, आणि मी तिथेच उभी राहून भिंग बदललं. कॅमेऱ्याचं पोट उघडं पडलं ते फार तर दहा सेकंद. त्यानंतरच्या प्रत्येक फोटोत आभाळात उजव्या कोपऱ्यात एक राखाडी ठिपका आहे. साफ करून घ्यायला पैसे गेले, त्याहून वाईट म्हणजे तो ठिपका एकेका फोटोतून खोडत बसावं लागलं.

वारवणीचे फोटो मात्र त्याच दुपारचे. आत्या सूप डोक्याएवढं उंच धरून वाल सोडत होती. दाणे सरळ खाली, टरफलं वाऱ्याबरोबर तिरपी. शटर हजारांश ठेवलं तेव्हा प्रत्येक दाणा हवेत टांगल्यासारखा दिसला, काचेच्या कपाटातला. साठांशवर आणलं तेव्हा दाण्यांच्या रेघा झाल्या आणि भुसाचा ढग, आणि तेच खरं होतं. पाच वाजता उन्हाच्या विरुद्ध उभी राहून काढलेला तो फोटो आता आत्याच्या ओटीवर लावलाय. तिचं म्हणणं, यात माझा चेहरा दिसत नाही, पण सूप चांगलं आलंय.

वाळलेला कडवा वाल हातात घेऊन बघा. तपकिरी दाणा, आणि एका कडेने पांढरी शुभ्र किनार. चवळीच्या डोळ्यासारखा ठिपका नव्हे, पुसट रेघही नव्हे. चक्क उठावाची, बोटाला लागणारी शिवण. शेंगेला दाणा जिथे चिकटलेला असतो ती ही जागा. कुठल्याही मिसळलेल्या कडधान्यातून वाल ओळखायचा तो या किनारीवरून. पण साल तुळतुळीत, त्यामुळे प्रत्येक दाण्यावर खिडकीचं चौकोनी प्रतिबिंब बसतं. मी खिडकीला ट्रेसिंग पेपर लावला, भिंगावर पोलरायझर, म्हणजे चकाकी कापणारा फिल्टर, फिरवून पाहिला, थोडाफार फरक पडला. मग आत्याने साठवणीचा डबा उघडला. वर्षभर किडू नयेत म्हणून ती वाल राखेत घोळवून ठेवते. राखेतल्या दाण्यांना चकाकी नाही, रंग करडा-तपकिरी, किनार तेवढी उजळ. मी दोन दिवस कागद आणि काच घेऊन जे करत होते ते चुलीतल्या राखेने आधीच करून ठेवलं होतं.

मोड येतानाचं चित्रण करण्यात दोन आठवडे गेले. कल्पना साधी: दर दहा मिनिटांनी एक फोटो, छत्तीस तास, म्हणजे दोनशे सोळा फोटो, आणि ते सेकंदाला चोवीसच्या वेगाने पळवले की नऊ सेकंदांची फिल्म. अडचण अशी, की वाल मोड आणतात ते फडक्यात घट्ट बांधून, अंधारात. फडकं सोडलं की ते सुकतात. काचेच्या डब्यात ठेवलं की काचेवर दंव धरतं. पहिल्या खेपेला पहाटे तीनला बॅटरी संपली. दुसऱ्यांदा मी रात्री पाणी प्यायला उठले आणि दिवा लावला. फिल्ममध्ये तिथे वीज चमकल्यासारखं होतं. तिसऱ्या वेळी डब्याची बाजू उघडी ठेवून, ओल्या पंचावर पाच दाणे, खिडक्या बंद, एकच दिवा छत्तीस तास चालू. एक गोष्ट त्यात अशी दिसली जी चाळीस वर्षं वाल खाऊन मला माहीत नव्हती. पाण्यात पडल्यावर दाणा लगेच फुगत नाही. आधी सालाला सुरकुत्या पडतात, अगदी म्हाताऱ्या बोटांसारख्या, कारण साल आधी ओलं होऊन पसरतं आणि आतला गर मागे राहतो. मग गर फुगत येतो, सुरकुत्या भरतात, आणि त्या पांढऱ्या किनारीच्या टोकाजवळून मोड बाहेर येतो.

सोलणं सगळ्यांनी मिळून केलं. मोड आलेले वाल कोमट पाण्यात टाकायचे, दाणा चिमटीत धरून हलकेच दाबायचा, की डाळिंबी सुळकन बाहेर. ती अख्खी निघाली पाहिजे, मोडासकट; दोन पाकळ्या झाल्या तर आत्या बघते, बोलत नाही. वाल भिजवलेलं पाणी ती फेकूनच देते. कडूपणा जातो, असं तिचं म्हणणं. कच्च्या वालात काही घातक द्रव्यंही असतात, भिजवण्या-शिजवण्याने ती कमी होतात. माझे हात ओले, त्यामुळे इथे कॅमेरा भाचीकडे होता. तिने सगळ्यांच्या नाकांचे फोटो काढले.

आणि शेवटी ताट. खाण्याचे फोटो काढणाऱ्यांना विचारा, तपकिरी पदार्थासारखा शत्रू नाही. डाळिंबीची उसळ म्हणजे हळद, गूळ, आमसूल यांनी मिळून केलेला एक गोड-आंबट तपकिरी. आत्याने फोडणीत मोहरी, हिंग, कढीपत्ता घातला, डाळिंब्या टाकल्या, वर पाण्याची ताटली ठेवून वाफेवर शिजवल्या, ढवळल्या नाहीत, पातेलं धरून नुसतं हलवलं. उतरवताना ओलं खोबरं आणि कोथिंबीर. वास असा, की फोटो काढणाऱ्याने आधी जेवून घ्यावं.

मी जेवले नाही. स्टीलचं ताट घेतलं, तर त्यात मी, खिडकी, मागचं कॅलेंडर, सगळं दिसू लागलं. पोलरायझर धातूच्या चकाकीपुढे हात टेकतो. पितळी ताट कळकलेलं निघालं. शेवटी चिनीमातीची पांढरी बशी. आता कॅमेरा पांढऱ्याला घाबरून सगळं राखाडी करायला लागला, म्हणून एक्स्पोजर एका थांब्याने वाढवलं. वरून काढलेला फोटो चिखलासारखा. खाली वाकून, उजेड मागून घेतला तेव्हा एकेका डाळिंबीवर रसाची चकाकी आली, मोडाचं टोक दिसलं, खोबऱ्याचा कीस वेगळा कळला. दोन फोटो. तिसऱ्याला खोबऱ्याने रस पिऊन टाकला होता आणि चकाकी गेलेली. तेलाचा बोळा फिरवून ती परत आणतात, मला ठाऊक आहे. पण आत्यासमोर उसळीला वरून तेल चोपडण्याची हिंमत माझ्यात नव्हती, आणि इच्छाही. "निवतंय गं," ती तिसऱ्यांदा म्हणाली, तेव्हा कॅमेरा ठेवला.

जेवण झाल्यावर भांडी आवरताना मोरीजवळ टोपलीत सोललेली टरफलं दिसली. पाव किलो वालांची असतील. ओली, कागदासारखी पातळ, प्रत्येक अजून दाण्याच्या आकारात फुगलेली, आणि प्रत्येकाच्या कडेला ती पांढरी किनार तशीच. मागच्या दाराचं ऊन आरपार गेलं होतं आणि सगळा ढीग मधाच्या रंगाचा झाला होता. खरकट्या हातानेच कॅमेरा उचलला. एकच फोटो काढला.

संध्याकाळी सगळे फोटो दाखवायला बसले. आत्या चष्मा लावून एकेक बघत होती. टरफलांपाशी थांबली, बराच वेळ.

"एवढी उसळ केली मी," ती म्हणाली, "आणि फोटो चांगला आला तो सालपटांचा?"

उठली, टोपली घेऊन परड्यात गेली आणि कोंबड्यांपुढे ओतून आली.